पहिला विश्वचषक जिथे खेळला गेला

ब्युनोस आयर्सहून उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओला जाणारी बोट निघाली तेव्हा प्लाता नदीवर इतके दाट धुके होते की कठड्यापलीकडचे पाणीही नीट दिसत नव्हते. ३० जुलै १९३० रोजी फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला अर्जेंटिनाचे हजारो पाठीराखे याच नदीतून निघाले होते आणि त्यांतल्या अनेकांच्या बोटी धुक्यात अडकून पडल्यामुळे त्यांचा सामना हुकला होता. मीही जुलैतच, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, निघालो होतो. माझी बोट अर्धा तास उशिरा पोहोचली खरी, पण मला गाठायचा होता तो सामना संपून चौऱ्याण्णव वर्षे झाली होती, त्यामुळे फारसे बिघडले नाही.

१३ संघ, १८ सामने, ३ मैदाने आणि शहर मात्र एकच, असा तो विश्वचषक होता. बोटीने दोन आठवड्यांचा प्रवास करून यायचे म्हटल्यावर युरोपातून फक्त चार संघ आले, तेही यजमान उरुग्वेने जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च उचलायची तयारी दाखवल्यावर. तिन्ही मैदाने एका दिवसात पायी पाहून होतात. पेठापेठांच्या तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर भिडताना पाहत मी कोल्हापुरात वाढलो, त्यामुळे अख्खी जागतिक स्पर्धा एका गावात उरकल्याचे इतरांना वाटते तेवढे नवल मला वाटले नाही.

सुरुवात पोसितोसपासून केली, कारण स्पर्धेची सुरुवातही तिथेच झाली. ‘पोसितोस’ म्हणजे छोट्या विहिरी. धुणे धुणाऱ्या बायका इथल्या ओढ्याच्या वाळूत खड्डे खणून पाणी काढत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे त्याला झिरा म्हणतात. आज ही समुद्रकिनाऱ्यासारख्या दिसणाऱ्या नदीकाठची, उंच इमारतींची सुखवस्तू वस्ती आहे आणि पेन्यारोल क्लबचे जे मैदान इथे होते त्याचा मागमूसही उरलेला नाही. शहर वाढत आले तसे ते पाडले गेले आणि त्यावर रस्ते व घरे झाली. मैदान नेमके कुठे होते हेच लोक विसरून गेले होते. पुढे एका वास्तुविशारदाने जुने नकाशे आणि छायाचित्रे ताडून मैदानाचा मध्य आणि गोलपोस्टची जागा शोधून काढली.

ती जागा शोधताना मी दोन वेळा तिच्यावरूनच पुढे निघून गेलो. मोठा फलक, कमान, तिकीटखिडकी असे काहीतरी असेल या अपेक्षेने मी समोर पाहत चाललो होतो आणि खूण होती ती पदपथाच्या कडेला. जिथे मैदानाचा मध्य होता तिथल्या शिल्पाचे नाव आहे ‘शून्य-शून्य आणि चेंडू मध्यावर’, तर गोलपोस्टच्या जागी उभ्या असलेल्या शिल्पाचे नाव ‘कोळी झोपतात तिथे’. गोलच्या वरच्या कोपऱ्याला, जिथे गोलरक्षकाचा हात पोहोचत नाही आणि म्हणून कोळी निवांत जाळे विणू शकतो, स्पॅनिशमध्ये असे म्हणतात. १३ जुलै १९३० रोजी फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँ याने मेक्सिकोविरुद्ध १९व्या मिनिटाला विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल याच मैदानावर केला. पुढे फ्रान्सचा गोलरक्षक जखमी झाला आणि बदली खेळाडूंची पद्धत नसल्याने मैदानातल्याच एका खेळाडूला गोलमध्ये उभे राहावे लागले, तरीही फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकला. मी तिथे उभा असताना एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या. कुत्र्याने शिल्पाचा पाया हुंगला आणि दोघेही पुढे गेले. मला ते आवडले. स्मारकाला कुंपण घातले की त्याचे देऊळ होते, इथे तसे झालेले नाही.

तिथून ला ब्लांकेआदा भागातल्या ग्रान पार्के सेंत्रालकडे चालत गेलो. नासियोनाल क्लबचे हे मैदान १९०० सालापासूनचे असून लोराँच्या गोलच्याच दिवशी इथे अमेरिकेने बेल्जियमला ३-० असे हरवले. चारच दिवसांनी अमेरिकेच्या बर्ट पॅटेनॉडने पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले. विश्वचषकातली ही पहिली हॅटट्रिक असल्याचे फिफाने मान्य केले ते २००६ साली. मैदान पुन्हा पुन्हा बांधले गेल्यामुळे १९३० सालचे म्हणावे असे तिथे फारसे काही दिसत नाही, मात्र आब्दोन पोर्ते या नावाची प्रेक्षकसज्जा पाहून मी थबकलो. संघातले स्थान गेल्यावर या खेळाडूने १९१८ सालच्या मार्चमधल्या एका रात्री याच मैदानाच्या मध्यभागी स्वतःवर गोळी झाडून घेतली. पाठीराख्याला स्पॅनिशमध्ये ‘इंचा’ म्हणतात, तो शब्दही याच क्लबचा मानला जातो. खोगिरे शिवणारा एक गृहस्थ इथे चेंडूत हवा भरण्याचे काम करी आणि सामन्याच्या वेळी सर्वांत मोठ्याने ओरडे. ‘फुगवणारा’ हाच शब्द पुढे ओरडणाऱ्या सगळ्यांना लागू झाला.

तिसऱ्या मैदानाला, सेंतेनारियो स्टेडियमला, पोहोचेपर्यंत दुपार झाली. उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेला १८ जुलै १९३० रोजी शंभर वर्षे होत होती, म्हणून हे ‘शताब्दी’ अशा अर्थाचे नाव. हुआन आंतोनियो स्कासो याच्या आराखड्यानुसार ते काही महिन्यांत उभे करायचे होते, पण पावसाने काम लांबले आणि स्पर्धा सुरू झाली तरी ते तयार नव्हते; पोसितोस आणि पार्के सेंत्रालला पहिले सामने मिळाले ते त्यामुळे. अखेर ठरलेल्या १८ तारखेलाच उरुग्वे-पेरू सामन्याने ते खुले झाले, तेव्हा सिमेंट पुरते वाळलेही नव्हते असे सांगतात. मैदान जमिनीच्या पातळीखाली असल्याने बाहेरून स्टेडियम बसके दिसते आणि नजर जाते ती शंभर मीटर उंच मनोऱ्याकडे. गोलमागच्या दोन सज्जांची नावे कोलोंब (पॅरिसचे उपनगर) आणि आम्स्टरडॅम, कारण १९२४ आणि १९२८ सालची ऑलिंपिक सुवर्णपदके उरुग्वेने तिथे जिंकली होती. स्वतःच्या विजयांच्या गावांत प्रेक्षकांना बसवण्याची ही कल्पना मला मनोऱ्यापेक्षाही ऐटबाज वाटली.

एक्तोर कास्त्रो हा या स्टेडियमचा खरा नायक. लहानपणी विजेच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. पेरूविरुद्ध इथला पहिला गोल त्याने केला आणि अंतिम सामन्यातला शेवटचाही त्यानेच. त्या सामन्यात चेंडू कोणाचा वापरायचा यावरून वाद झाल्याने पहिल्या डावात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्यात उरुग्वेचा चेंडू घेतला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ अशी पुढे होती आणि शेवटी उरुग्वे ४-२ असा जिंकला.

ऑलिंपिक सज्जेखालचे संग्रहालय पाहून मी वर येऊन बसलो. सिमेंटची पायरी बर्फासारखी गार होती. काखेत थर्मास धरून ‘माते’ हे तिकडचे चहासारखे पेय पीत उभ्या असलेल्या रखवालदाराला मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले की कास्त्रोचा तो शेवटचा गोल कोणत्या बाजूला झाला. त्याने कोलोंबकडे बोट दाखवले. तेवढ्यात खालच्या पायऱ्या झाडत असलेले आजोबा झाडू टेकवून सरळ झाले आणि त्यांनी ठामपणे आम्स्टरडॅमकडे हात केला. मग दोघांची जी जुंपली तिच्यातले मला फक्त ‘कास्त्रो’ आणि ‘नो, नो’ एवढेच कळत होते. परतीच्या बोटीची वेळ होत आली होती, म्हणून मी उठलो. मनोऱ्याच्या सावलीतून बाहेर पडेपर्यंत त्यांचे आवाज मागून ऐकू येत होते.