बुफेतला वाढपी

गेल्या वैशाखात मावसभावाच्या लग्नाला आम्ही मिरजेला गेलो होतो. रिसेप्शन रात्रीचं. नवरा पाहुण्यांत अडकलेला, मी फोटोसाठी स्टेजवर. "जा, हवं ते घेऊन खा," असं सांगून मी मुलांना मोकळं सोडलं. थोरला अकरा वर्षांचा आहे, धाकटी सातची. अर्ध्या तासानं येऊन बघते तर धाकटीच्या डिशमध्ये गोबी मंचुरियनचा ढीग, त्यावर अर्धा नान, कडेला दोन गुलाबजाम, आणि त्यांचा पाक ओघळून मंचुरियनमध्ये गेलेला. हातात कोल्ड्रिंकचा दुसरा ग्लास. तोवर आईस्क्रीम खाऊन झालेलंच होतं. सांगलीत विश्रामबागेत घरी पोचेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली. पहाटेपर्यंत मी तिच्या उशाशी बसून होते.

सकाळी सासऱ्यांनी विचारलं, "पोरीला वाढलं कुणी?"

"कुणी नाही आण्णा, बुफे होता."

"मग तिला काय कळणार किती घ्यायचं ते?"

आण्णा तासगाव तालुक्यातले. तरुणपणी गावातल्या प्रत्येक लग्नात ते वाढायला असायचे. पोरांची पंगत बसली की तिकडे मुद्दाम स्वतः जायचे. पत्रावळीवर डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद, वरण, तूप. जिलेबी येईपर्यंत पोटात बरंच काही गेलेलं असायचं. "लहान पोराला पहिल्यांदा चिमूटभरच वाढायचं," आण्णा सांगतात. "मागितलं तर परत जायचं. दहादा जायची तयारी पाहिजे. पण पोराच्या पानात ढीग घालायचा नाही." पोरगं मान हलवून नको म्हणालं की ते तिथेच थांबायचे. थोरांच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणारे आण्णा पोरांना मात्र कधीच आग्रह करत नसत.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय. पंगतीत काय आधी, काय नंतर, किती, हे सगळं वाढपी सांभाळायचा. बुफेत तो माणूसच नाही. तीस-चाळीस पदार्थ एकदम समोर, आणि सात वर्षांच्या पोरीनं एकटीनं ठरवायचं. टेबलं तर तिच्या हनुवटीइतकी उंच. तिला भांड्यातलं दिसत नाही, पाटीवरची नावं वाचवत नाहीत. तिला दिसतं ते लाल, चकचकीत आणि कडेला असलेलं. म्हणून आता लग्नात माझ्या मुलांची वाढपी मी होते. फोटो नंतर काढता येतात.

तयारी घरातूनच सुरू होते. पत्रिकेत सात लिहिलेलं असलं तरी जेवण नऊशिवाय सुरू होत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. भुकेनं कासावीस झालेलं मूल दिसेल त्यावर झडप घालणारच. म्हणून निघायच्या तासभर आधी मी दोघांना अर्धी अर्धी ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी देते. "आता पोट भरून लग्नात काय खाणार?" असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. पण अर्ध्या भाकरीनं पोट भरत नाही, फक्त भुकेची धार कमी होते.

दाराशीच गुलाबी सरबताचे किंवा कोल्ड्रिंकचे ग्लास घेऊन पोरं उभी असतात. इथे मी अजिबात हटत नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बघा, १०० मिलीमागे १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. म्हणजे २०० मिलीच्या एका ग्लासात २० ग्रॅमच्या वर, चमच्यांत सांगायचं तर चार-पाच चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. धाकटीच्या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असं धरून मी हिशेब केला. १० टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २१. जेवायला बसायच्या आधीच दारातला एक ग्लास तो २१ चा आकडा गाठतो, आणि गुलाबजाम अजून यायचाच असतो. म्हणून पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या असतात. मुलांनाही मी हा हिशेब सांगितलाय. थोरल्यानं तो वहीत स्वतः करून बघितला आणि तेव्हापासून बाटली दिसली की आधी मागची बाजू वाचतो.

मग फेरी. ही मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. डिश हातात न घेता सगळे काउंटर आधी नुसते बघून यायचे. धाकटीला मी कडेवर उचलून घेते, प्रत्येक भांड्याचं झाकण उघडल्यावर काय आहे ते दाखवते. "हे काय?" "मटकीची उसळ." "आणि ते?" "मसालेभात." सगळं बघून झालं की बाजूला उभं राहून दोघं ठरवतात. एक भाजी किंवा उसळ, एक पोळी नाहीतर भात, थोडी डाळ, आणि त्यांच्या आवडीचा कुठलाही एक पदार्थ. त्या आवडीच्या पदार्थावर मी काही बोलत नाही. मंचुरियन म्हणाली तर मंचुरियन, पण दोनच गोळे, आणि रंग बघून. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि म्हातारीच्या केसांमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा तपासणीत मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग आणि म्हातारीच्या केसांत कापडाला वापरतात तो रोडामाइन बी रंग सापडला होता. म्हैसाळच्या पुढे गेलं की कर्नाटकच लागतं. आपल्याकडच्या मंचुरियनकडेही तेव्हापासून मी नीट बघून घेते. खाऊन बोटं लाल होत असतील तर ते आमच्या डिशमध्ये येत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात दिवसभराच्या ताटाचं चित्र आहे आणि निम्मं ताट भाज्या-फळांचं आहे. लग्नात तेवढं जमत नाही, हे मी कबूल करते. कापलेल्या काकडी-टोमॅटोचं काउंटर वैशाखाच्या उकाड्यात दोन-तीन तास उघडं असेल तर मी तिकडे मुलांना जाऊच देत नाही. कापलेली फळंही तशीच. अशा वेळी उसळ आणि शिजवलेली भाजी बरी, तीही खाली आच असलेल्या भांड्यातली, वाफ येत असलेली. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे आणि थंड ५ च्या खाली, हा नियम मी डोक्यात ठेवलाय. मठ्ठा थंडगार असेल तरच घेते.

डिशऐवजी मी दोघांना नाश्त्याच्या काउंटरवरच्या छोट्या प्लेटा देते. परत जायची मुभा आहे, हवं तितक्यांदा. फक्त उभ्यानं खायचं नाही. खुर्ची शोधायची, बसायचं, आणि पहिलं संपलं की थोडा वेळ गप्पा मारायच्या. पोट भरल्याचं डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बसलं की थोरला पुष्कळदा स्वतःहून म्हणतो, "बास आई, आता नको."

आणि त्यानं बास म्हटलं की बास. इथे मला माझीच सवय मोडावी लागली. "ताटातलं संपव, अन्न टाकायचं नाही" हे आमच्या घरात मी ऐकतच मोठी झाले. अन्न टाकू नये हे मला आजही मनापासून पटतं. पण त्यासाठी आधी कमी वाढायचं, भरलेलं ताट मुलाच्या गळ्याखाली ढकलायचं नाही. दुसरं एक वाक्य मी पूर्ण सोडलं: "भाजी खाल्लीस तरच आईस्क्रीम." या एका वाक्यानं भाजी शिक्षा होते आणि आईस्क्रीम बक्षीस. आता गोड एकच, कुठलं ते त्यांनी फेरीतच ठरवायचं, आणि ते मिळणारच. भाजी उरली तरी मिळणार. पहिल्या दोन लग्नांत धाकटीनं भाजीला हात लावला नाही. तिसऱ्या लग्नात वांग्याची फोड चाखून बघितली आणि परत मागितली.

सगळ्यात अवघड आहेत ती आपली माणसं. आत्या येते, धाकटीच्या तोंडात जिलेबी कोंबते आणि मला म्हणते, "लग्नाचं आहे गं, खाऊ दे की लेकराला." त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. मी म्हणते, "आत्या, तिचं जेवण चाललंय, झालं की तिला तुमच्याकडेच पाठवते, तुम्हीच तिला गोड द्या." आत्या खूश, आणि गोड एकदाच होतं. पण थोरल्याच्या पोटाकडे बघून कुणी "काय रे, सुटलास की" म्हटलं तर मी तिथल्या तिथे थांबवते, माणूस कितीही मोठा असो. त्यानंतर तो दोन दिवस नीट जेवत नाही, हे मी बघितलंय.

पुढच्या आठवड्यात इस्लामपूरला, म्हणजे आताच्या ईश्वरपूरला, लग्न आहे. दुपारचं आहे आणि पंगत आहे म्हणे. आण्णा येणार आहेत. धाकटीनं त्यांना आत्तापासून सांगून ठेवलंय की तिच्या पानात भात तिच्याच मुठीएवढा वाढायचा, आणि वांगं असेल तर दोन फोडी.