हॅटचे ठोकळे शोधत पुण्यात दीड दिवस

आमच्या साताऱ्याच्या हौशी नाट्यमंडळात वेशभूषेचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्यातही इंग्रज कलेक्टर, रेल्वेचा गार्ड, गोरा सार्जंट अशी पात्रे आली की हॅटचा प्रश्न उभा राहतो. भाड्याच्या हॅट पुठ्ठ्याच्या असतात आणि दुसऱ्या अंकापर्यंत घामाने त्यांचा काठ लोंबू लागतो, म्हणून मी जुन्या फेल्टच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या किंवा लवेच्या, हॅट विकत घेऊन त्यांना नवा आकार देण्याचे काम स्वतःच शिकले. या कामाला लाकडी ठोकळा लागतो. आपल्याकडे पगडीच्या किंवा जोड्याच्या साच्याला कालबूत म्हणतात, आणि हॅटचा ठोकळा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून तेच कालबूत असते. ते शोधण्यासाठी मी पुण्याला जाऊन आले. याच कामासाठी कोणी जाणार असेल तर माझ्या चुका टाळता याव्यात, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

मंगळवारी संध्याकाळी एस.टी.ने स्वारगेटला उतरून मी मावसभावाकडे मुक्काम केला. जुना बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो. मी मुद्दाम बुधवार निवडला, कारण रविवारी गर्दीत पथारीपुढे वाकून वस्तू नीट पाहता येत नाही आणि पेठांमधली इतर कामेही त्याच दिवशी उरकता येत नाहीत. स्वारगेटहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरावे, तिथे मार्गिका बदलावी आणि रामवाडीकडे जाणाऱ्या गाडीने पुढच्याच मंगळवार पेठ स्थानकावर उतरावे. तिथून बाजार चालत गाठता येतो. दुचाकी नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण येताना हातात जे ओझे असते ते दुचाकीवर बसत नाही.

सोबत काय न्यावे हे मी पहिल्या अर्ध्या तासातच शिकले. शिवणकामाची मापपट्टी, लहान विजेरी, एक दाभण आणि दोन जाड कापडी पिशव्या एवढे पुरते. यात दाभण सर्वांत महत्त्वाचे आहे. जुन्या लाकडाला भुंगेऱ्याची भोके असतातच, पण ती जुनी आहेत की आत किडा अजून जिवंत आहे, हे दाभणाने कळते. भोकात दाभण टोचून ठोकळा उलटा करून आपटला आणि ताजा, पिवळसर भुसा पडला तर वस्तू कितीही देखणी असली तरी घरी आणू नये. भुसा पडला नाही आणि भोकांच्या कडा काळ्या पडलेल्या असतील तर घ्यायला हरकत नाही.

दहाच्या सुमारास बहुतेक पथारीवाले मांडून बसले होते. कुलुपे, पितळी नळ, तुटकी घड्याळे, कोळशाच्या इस्त्र्या आणि बॅटरीवर चालणारी खेळणी हे सगळे एकाच चादरीवर असते. तिथे हॅटचा ठोकळा म्हणून काहीही मागू नये. मी पहिल्या तीन ठिकाणी तसे विचारले तेव्हा दोघांनी मला क्रिकेटची टोपी दाखवली आणि तिसऱ्याने स्वयंपाकाचा लाकडी ठोकळा पुढे केला. चौथ्या ठिकाणी मी हाताने डोक्याचा आकार करून "मामा, असं गोल लाकूड, खाली खाच असलेलं" असे सांगितले. तेव्हा त्यांनी मागच्या गोणीतून दोन वस्तू काढल्या. त्यातील एक अखंड ठोकळा होता आणि दुसरा सुतळीने बांधलेल्या तुकड्यांचा होता.

अखंड ठोकळ्याविषयी आधी सांगते. चांगला ठोकळा ओळखायचा तो तळाजवळच्या खाचेवरून. ओली, वाफवलेली फेल्ट ठोकळ्यावर ओढून घेतल्यावर ज्या रेषेवर डोक्याचा भाग संपून काठ सुरू होतो, तिथे दोरी आवळून बांधावी लागते आणि ती दोरी या खाचेत बसते. खाच झिजून सपाट झाली असेल तर दोरी वर सरकते आणि हॅटचा काठ वाकडा येतो. खाचेच्या खाली बारीक टाचण्यांच्या छिद्रांची एक दाट ओळ दिसली तर ठोकळ्यावर खरोखर काम झालेले आहे असे समजावे. मला मिळालेल्या ठोकळ्यावर ती ओळ इतकी दाट होती की बोट फिरवले तर खरखरीत कापड लागल्यासारखे वाटते. युरोपातील कारागीर पॉपलर, ऑल्डर, लिंडेन यांसारखी लाकडे वापरत, कारण त्यांत टाचणी सहज शिरते, सहज निघते आणि वाफेने लाकूड फारसे वेडेवाकडे होत नाही. ठोकळ्याच्या तळाला मधोमध एक भोक असते. ते खुंटीवर बसवून काम करताना ठोकळा गरगर फिरवता यावा म्हणून असते. त्यामुळे ते भोक पाहून वस्तू फुटकी आहे असे समजू नये आणि त्यावरून भाव पाडण्याचाही प्रयत्न करू नये. पथारीवाल्या मामांना ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

तळावर ६ ७/८ असा आकडा ठोकलेला होता. या आकड्यांवर विसंबून राहू नये. ब्रिटिश पद्धतीत ६ ७/८ म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, तर अमेरिकन पद्धतीत तोच आकडा सुमारे ५५ सेंटिमीटरचा असतो. ब्रिटिश ७ आणि अमेरिकन ७ १/८ हे दोन्ही ५७ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी असतात. एका सेंटिमीटरचा फरक बोलण्यात क्षुल्लक वाटतो, परंतु तेवढ्यानेच नटाच्या कपाळावर लाल वळ उमटतो किंवा नमस्काराला वाकताना हॅट खाली पडते. त्यामुळे खाचेच्या किंचित वर पट्टी गुंडाळून स्वतः माप घ्यावे आणि तेच खरे मानावे. माझ्या ठोकळ्याचे माप बरोबर ५६ भरले, म्हणजे आकडा ब्रिटिश पद्धतीचा होता. मामांनी अठराशे सांगितले, मी सातशेवर अडून बसले आणि शेवटी हजारावर ठरले.

आता दुसरी वस्तू. ज्या हॅटचा माथा वर रुंद आणि खाली अरुंद असतो, तिच्यासाठी अखंड ठोकळा चालत नाही, कारण फेल्ट वाळल्यावर तो आतून बाहेरच येणार नाही. त्यासाठी पाच तुकड्यांचा ठोकळा करतात. मधला तुकडा पाचरीसारखा असतो. तो आधी ओढून काढला की उरलेले चार आतल्या पोकळीत सरकतात आणि एकेक करून बाहेर येतात. सुतळीने बांधलेली ती वस्तू बाहेरून पूर्ण दिसत होती. आत पोकळी होती, पण ती खुंटीसाठी असेल असे मी गृहीत धरले आणि आठशे रुपये दिले. रात्री मावसभावाच्या जेवणाच्या टेबलावर सुतळी सोडल्यावर चार तुकडे अलगद आत कोसळले आणि पाचवा कधी नव्हताच हे माझ्या ध्यानात आले. विकणाऱ्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण ती वस्तू कशाची आहे हे त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते आणि तरीही मी तुकडे मोजले नाहीत. अशी वस्तू दिसली तर सुतळी तिथेच सोडायला लावावी.

त्याच बाजारात एक पिंजाऱ्याची धनुकली पाहिली. तिची तात, म्हणजे दोरी, तुटलेली होती, पण दांडा उत्तम होता. हॅटच्या कामाशी तिचा संबंध फार जवळचा आहे, कारण युरोपातील हॅटवाले ससा आणि बीव्हर यांची लव पिंजण्यासाठी छताला टांगलेले असेच मोठे धनुष्य वापरत, आणि आपले पिंजारी कापसाप्रमाणेच लोकर पिंजून, दाबून बुरणूस, म्हणजे अंथरण्या-पांघरण्याचे जाड कापड, करीत. विकणाऱ्याने साडेतीन हजार सांगितले आणि "हॉटेलवाले भिंतीला लावायला नेतात" असेही ऐकवले. मी ती घेतली नाही. ज्या हत्याराने मी काम करणार नाही ते घरात आणायचे नाही, एवढा एक नियम मी कसाबसा पाळते.

दुपारी पेठेतील एका पगडबंद काकांकडे गेले. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे सर्वांना ठाऊक असते, परंतु पगडी ज्या साच्यावर उभी राहते तो पाहायला कोणी जात नाही, असे काका हसत म्हणाले. त्यांचे लाकडी कालबूत हाताच्या तेलाने काळेभोर झाले होते आणि त्याच्या माथ्यावर सुईच्या टोकांनी पडलेल्या बारीक रेघा होत्या. माझी मापपट्टी पाहून त्यांनी ती बाजूला ठेवायला लावली. "ताई, पट्टी केसांवरून घसरते. दोरा घ्यायचा, कानाच्या वरून न्यायचा, गाठ मारायची आणि मग दोरा मोजायचा," असे सांगून त्यांनी माझ्याच डोक्याचे माप घेतले, ते पट्टीपेक्षा चांगले आठ मिलिमीटर कमी निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये डोक्याचा अचूक आकार घेणारे एक यंत्र निघाले. त्याच्या पट्ट्या डोक्याला चारी बाजूंनी टेकतात आणि वर बसवलेल्या कागदावर त्या आकाराची लहान प्रतिकृती टोचली जाते. कुणाचेही डोके नेमके लंबगोल नसते, हे त्या कागदावरून दिसते. ते यंत्र पुण्याच्या पथारीवर मिळेल अशी आशा धरू नये; दोरा आणि गाठ यांवर माझे काम व्यवस्थित चालले आहे.

वेळ उरला म्हणून बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जाऊन आले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेले अडकित्ते आणि दिवे पाहताना, मूठ कुठे झिजली आहे हे पाहण्याची सवय लागते आणि ती जुन्या बाजारात उपयोगी पडते. ज्यांना हत्यारे घ्यायची आहेत त्यांनी संग्रहालय आधी आणि बाजार नंतर असा क्रम ठेवला तर अधिक बरे. मी उलटे केले.

गुरुवारी सकाळी पाचवा तुकडा करून घेण्यासाठी कसबा पेठेतील एका सुतारांकडे गेले. त्यांनी चारही तुकडे फरशीवर जुळवले, मधल्या पोकळीत पुठ्ठा कापून बसवला आणि त्यावरून शिवणीच्या लाकडाची पाचर रंधून दिली. साग सुचवला असता तर मी गप्प हो म्हटले असते, पण साग जड आणि तेलकट, शिवण हलकी आणि वाफेला बरी, हे त्यांनीच सांगितले. चूक पुन्हा माझीच झाली. मी चहा आणायला गेले तेवढ्यात त्यांनी आपुलकीने पाचरीला लाखेचे पॉलिश चढवले आणि मीही ती चकाकी पाहून खूश झाले. लाखेचे पॉलिश वाफेने पांढरे पडते आणि चिकट होते. साताऱ्याला आल्यावर ते सगळे घासून काढावे लागले. सुताराकडून ठोकळा दुरुस्त करून घेताना पॉलिश नको हे आधी सांगावे, आणि काम करताना ठोकळ्यावर स्वयंपाकघरातील पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे, म्हणजे जुन्या लाकडाचा डाग फेल्टवर उतरत नाही.

लाख मात्र दुसऱ्या कामासाठी लागतेच. परतण्यापूर्वी बोहरी आळीतून चपडी लाख, सुती दोरी आणि टाचण्या घेतल्या. अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम लाख रात्रभर भिजत घालून ते द्रावण काठाच्या आतल्या बाजूने ब्रशने लावले की काठ ताठ राहतो. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडीपासून दूर करावे.

जुन्या हॅटविषयी एक इशारा गंभीरपणे देते. पूर्वी सशाची लव दाबण्यायोग्य करण्यासाठी पाऱ्याचे क्षार वापरत आणि त्यामुळे कारागिरांचे हात थरथरू लागत. अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद झाली. त्या काळातील फेल्टमध्ये पारा अजूनही असू शकतो, म्हणून फार जुनी लवेची हॅट मिळाली तर ती पाहण्यापुरती ठेवावी आणि बंद स्वयंपाकघरात वाफवू नये. मी फक्त अलीकडच्या लोकरी हॅट वाफवते, आणि त्याही आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते, म्हणजे कसर मरते.

पाच तुकड्यांच्या ठोकळ्यावर पहिली हॅट चढवली ती रविवारी. किटलीच्या वाफेवर फेल्ट मऊ होईपर्यंत धरली, दोन्ही हातांनी खाली ओढली, खाचेत दोरी आवळली आणि एक दिवस वाळू दिली. सोमवारी पाचर ओढायला गेले तर ती जागची हलेना. जुने चार तुकडे तसेच होते, पण नव्या लाकडाने वाफ पिऊन अंग धरले होते. शेवटी ठोकळा उन्हात तीन तास ठेवला, पकडीत कापड घालून पाचर धरली आणि हळूहळू डोलवत काढली. मग तिच्या दोन्ही बाजूंवरून रंध्याचा एकेक पातळ पापुद्रा काढला आणि शंखजिऱ्याची पूड चोळली. तेव्हापासून ती हाताने निघते.

काठाचा ठोकळा मला अजून मिळालेला नाही. तूर्त प्लायवूडला लंबगोल कापून काम चालवले आहे. पथारीवाल्या मामांकडे मी पाचरीचा पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवून आले आहे. मूळ पाचर कुठल्या गोणीत सापडली तर बाजूला काढून ठेवतो, असे ते म्हणाले आहेत.