पान ३१ ते ३४

मी किशोरवयीन वाचकांसाठीच्या पुस्तकांची संपादक आहे. पुस्तक छपाईला जाण्याआधी पाच-सहा मुलांना प्रूफं वाचायला द्यायची आणि मग त्यांच्यासोबत बसून ऐकायचं, ही आमची पद्धत. लेखकाला त्या बैठकीत बोलावत नाही, कारण त्याच्यासमोर मुलं त्याचं मन राखायला खोटं बोलतात. एरवी सगळं तासाभरात उरकतं. कुठे कंटाळा आला, कोण आवडलं, कुठला शब्द अडला, एवढंच असतं. गेल्या महिन्यातली बैठक मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

कादंबरी मानवी क्लोनवरची. मोठ्या घरातल्या मुलाला पुढेमागे मूत्रपिंड लागलं तर हाताशी असावं, म्हणून त्याच्याच पेशीपासून जन्माला घातलेला एक मुलगा. आणि हे त्याला कळतं तिथून सुरू होणारी गोष्ट. या संहितेवर मी सात महिने घालवले. पहिल्या खर्ड्यात क्लोन काचेच्या टाकीतून थेट चौदा वर्षांचा होऊन बाहेर यायचा, तोही मूळ मुलाच्या आठवणींसकट. ते मी बदलायला लावलं. बीजांडातलं केंद्रक काढून तिथे दुसऱ्याच्या पेशीचं केंद्रक बसवतात, त्यातून झालेला गर्भ गर्भाशयात रुजवावा लागतो, आणि जन्मतं ते तान्हं बाळच. म्हणजे क्लोन हा उशिरा जन्मलेला जुळा भाऊ. आठवणी पेशीतून येत नाहीत. रूपसुद्धा हुबेहूब असेल असं नाही. २००१ साली जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीच्या अंगावरचे रंग तिच्या मूळ मांजरीसारखे नव्हते. लेखकांनी हे सगळं मनावर घेतलं. मूळ मुलगा सतरा वर्षांचा झाला, क्लोन चौदाचा राहिला, आणि दोघांमधल्या त्या तीन वर्षांत कादंबरीला खरा जीव आला. याचा मला अभिमान होता, आजही आहे.

बैठकीत मुलं आधी ठरलेल्या प्रश्नावर बोलली. तो माणूस आहे का? दहा मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं, आहेच. आमच्या विक्री विभागानं मागच्या कव्हरवर ‘त्याला आत्मा आहे का?’ असं मोठ्या अक्षरात घातलं होतं. मुलांना तो प्रश्नच वाटला नाही. मला वाटतं, हा प्रश्न मोठ्यांना सोयीचा आहे. उत्तर आधीच ठाऊक असतं, आणि ते दिलं की आपण उदार झाल्यासारखं वाटतं.

मग नववीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, पण हा कुणाच्या पोटातून आला?”

मी पान दाखवलं. ‘एका स्त्रीच्या गर्भाशयात त्याला वाढवलं गेलं.’

“हो, ते एक वाक्य आहे. पण त्याच्या आधी डॉक्टर सांगतो की डॉलीच्या वेळी २७७ वेळा प्रयत्न केले आणि एकच मेंढी जन्मली. मग याच्या वेळी किती केले? ती बीजांडं कुणाची होती? याला सगळे विचारतात, तू माणूस आहेस का. तिला कुणी काहीच विचारत नाही.”

मला बोलता येईना. कारण ती चार पानं होती. पान ३१ ते ३४. त्याला नऊ महिने पोटात वाढवणारी बाई, तिच्याआधी गर्भपात झालेल्या दोघी, आणि इस्पितळाच्या मागच्या दारातून तिला घरी पाठवतात तो प्रसंग. मी ती कापली होती. लेखक म्हणाले होते, “मॅडम, ती बाई गेली तर गोष्ट नुसती मुलाची उरेल.” मी म्हटलं होतं, मुलं इथे पुस्तक मिटतील, गती जाते. ते अर्धं कारण. उरलेलं अर्धं फर्म्याचं होतं. फर्मा म्हणजे छापखान्यात एकाच कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. आमचा फर्मा सोळा पानांचा. त्या चार पानांसाठी नवा फर्मा सुरू करावा लागला असता, म्हणजे बारा पानं कोरी. कोऱ्या पानांचा हिशेब विचारणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. कापलेल्या पानांचा हिशेब कुणी विचारत नाही.

त्या रात्री मी माझीच टिपणं पुन्हा काढली. बीजांडांशी जुळवलेल्या २७७ पेशी, त्यांतून २९ गर्भ, ते १३ मेंढ्यांच्या पोटात, आणि ५ जुलै १९९६ ला एक डॉली. २०१८ साली जाहीर झालेल्या क्लोन माकडांच्या वेळी ७९ गर्भ, २१ माद्या, सहा गर्भधारणा, दोन पिल्लं. ही गर्भाच्या पेशींपासूनची. प्रौढ पेशी वापरून केलेल्या वेगळ्या प्रयोगातली दोन्ही पिल्लं जन्मल्यावर थोड्याच काळात मेली. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी मानवी क्लोन गर्भांपासून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला, तो खोटा निघाला. पण त्यासाठी शंभरावर स्त्रियांची दोन हजारांहून अधिक बीजांडं खर्ची पडली होती, आणि बीजांडं देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ सहकारीही होत्या. बीजांडं काढायची म्हणजे आधी संप्रेरकांची इंजेक्शनं, मग सुई. हे सगळं माझ्या टिपणांत होतं. मी ते फक्त आकडे तपासायला वापरलं होतं.

नॅन्सी फार्मर यांच्या २००२ सालच्या ‘द हाउस ऑफ द स्कॉर्पियन’मध्ये क्लोन मुलगा गायीच्या पोटात वाढतो. तिथे निदान सुरुवातीलाच ती गाय आपल्याला दिसते. आमच्या पुस्तकात एक बाई होती, आणि तिला मी एका वाक्यात बसवलं. तेही कर्त्याशिवाय, ‘वाढवलं गेलं’.

दुसऱ्या दिवशी लेखकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पानं आहेत माझ्याकडे. पण त्यांच्या बदल्यात काय काढणार?” सोळाव्या प्रकरणातला पाठलाग, मी म्हटलं. बैठकीतल्या दोन मुलांना पुस्तकात सगळ्यात जास्त तोच आवडला होता, हेही सांगितलं.

छपाईला आठ दिवस आहेत. ती चार पानं पुन्हा माझ्या टेबलावर आली आहेत. यावेळी वाचताना लक्षात आलं की त्यांत डॉक्टरला नाव आहे, वकिलाला नाव आहे, ड्रायव्हरलाही आहे. समासात पेन्सिलनं लिहून ठेवलंय, हिचं नाव काय? लेखकांचं उत्तर अजून आलेलं नाही.