आईच्या पाठीला सोसतील असे टायर

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्याला साळवणच्या पुढं आमची थोडी शेती आहे. आठवड्यातून दोन खेपा ठरलेल्या: जाताना खत, पेंड, पाइप, येताना असेल ते. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यात जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतली, मागं उघडा हौद असलेली, २०१७ सालची. आधीच्या मालकानं ती दोन इंच उचललेली होती. पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर, मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा आणि खाली दांडगे मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे. गाडी देखणी होती, इंजिन चांगलं होतं, व्यवहार झाला.

पहिल्याच रविवारी आईला घेऊन निघालो. तिच्या मणक्यात गॅप आहे, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलंय. फुलेवाडी सोडली तेव्हाच तिनं वरचं हँडल धरलं. बालिंग्याच्या पुलाचे सांधे एकेक करून पाठीत मोजता येत होते. कळ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिथं म्हणाली, "मला हितंच उतरव बाबा. मी एष्टीनं येतो मागनं."

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला खरंच एसटीत बसवून दिलं. उरलेला रस्ता एकटा गेलो, आणि जाताना पहिल्यांदा नीट लक्ष दिलं की धक्का नेमका कुठून येतोय. दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक बारीक, सततची थरथर, डांबराच्या प्रत्येक खरखरीची. दुसरा गतिरोधकावरचा आणि खड्ड्यातला मोठा दणका, तोही मुख्यतः मागून. पुढचं सगळं ठरवताना ही फोड कामाला आली, म्हणून आधी सांगतो. टायर बदलायला निघालेल्या प्रत्येकानं एकदा एकट्यानं, गाणी बंद करून, आपल्या रोजच्या रस्त्यावर हे ऐकावं.

सल्ले भरपूर मिळाले. एका दुकानात मला सांगितलं, "फुगा जेवढा मोठा तेवढी गाडी मऊ. ह्याच्यापेक्षा मोठाच घाला." ऐकायला पटण्यासारखं होतं. रिम आणि जमीन यांच्यामध्ये रबर आणि हवा जास्त, म्हणजे धक्का कमी. मी जवळजवळ अॅडव्हान्स देणार होतो. पण हौदाखाली लटकलेली स्टेपनी कधी काढूनच बघितली नव्हती, आणि पाच टायर घ्यायचे की चार हे तिच्यावर ठरणार होतं. म्हणून घरी आलो आणि ती खाली सोडली.

चिखलाचा थर ओल्या फडक्यानं पुसल्यावर साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची, अक्षरं उमटली. २४५/७० आर १६. शेजारच्या लंबगोल चौकटीत चार आकडे, १८१७, म्हणजे २०१७ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला. कंपनीतून गाडीबरोबर आलेला मूळ टायर होता तो, कधी जमिनीला लागलेलाच नव्हता. गाडीला लावलेल्या चार टायरवर मात्र होतं एलटी २६५/७५ आर १६, लोड रेंज ई. स्टेपनीवर 'एलटी' ही अक्षरंच नव्हती.

माझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन अक्षरांत होतं. एलटी म्हणजे लाइट ट्रक. त्या टायरचा सांगाडा ओझ्यासाठी बांधलेला असतो, आणि लोड रेंज ई म्हणजे दहा प्लाय रेटिंग, दहा थरांच्या ताकदीचा. साइडवॉल जाड, ताठ, धारदार दगडाला दाद न देणारी. हे टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेण्यासाठी असतात, आणि तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणून दारावरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडाही त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. आधीचा मालक ४५ ठेवायचा. हवा उतरवून मऊपणा आणावा, तर साइडवॉल वाकून वाकून तापते, आणि तापलेला टायर हायवेवर फुटू शकतो.

कागद घेऊन बसलो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. २४५/७० मध्ये साइडवॉलची उंची २४५ च्या ७० टक्के, म्हणजे साधारण १७२ मिलिमीटर. २६५/७५ मध्ये ती १९९. म्हणजे माझ्या टायरचा फुगा मूळ टायरपेक्षा इंचभर उंच होता, तरी गाडी दगडासारखी चालत होती. फुगा उंच असला तरी त्याची भिंत वाकायला तयार पाहिजे. दुकानदाराचं म्हणणं एकाच बांधणीच्या दोन टायरांना लागू पडेल, बांधणीच बदलली की पडत नाही.

आणखी एक हिशेब त्याच कागदावर निघाला. मूळ टायरचा एकूण व्यास ७४९ मिलिमीटर, लावलेल्याचा ८०४. सव्वासात टक्के मोठा. स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी ८६ नं पळत होती. ब्रेकला तेवढं जास्त ओढावं लागत होतं, गिअरचं गणितही बिघडलं होतं. वर्कशॉपवाले साधारण तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका म्हणतात, ते उगीच नाही.

मग वजन. मामेभावाचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. त्याच्या ओळखीच्या टायरवाल्याकडून एक मड टायर रिमवरून उतरवून घेतला आणि तांदळाची पोती मोजायच्या काट्यावर ठेवला. पंचवीस किलो. २४५/७० चा बिगर-एलटी ऑल टेरेन टायर (डांबर आणि कच्ची वाट, दोन्हींसाठीचा) नमुन्याला आणला होता, तो पंधरा. प्रत्येक चाकाला दहा किलोचा फरक. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. चाक खड्ड्यातून वर उसळतं तेव्हा तेवढं वजन शॉकॲब्सॉर्बरला आवरावं लागतं. हौदात दहा किलो टाकणं आणि चाकाला दहा किलो बांधणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला त्या काट्यापाशी उभं राहिल्यावर पटलं.

मागच्या दणक्याचा शोध वेगळा घेतला. शेंगपेंडेची पन्नास किलोची चार पोती हौदात टाकली आणि त्याच रस्त्यानं कळ्यापर्यंत गेलो. दणका निम्म्यावर आला. म्हणजे तो टायरचा नव्हता, त्या जादा पाट्याचा होता. पिकअपचे पाटे ओझ्यासाठीच असतात, त्यात एक वाढवला की रिकामी गाडी उड्या मारणारच. नवीन टायर घेऊन हा दोष जाणार नाही, हे मनाशी धरूनच पुढं गेलो. नाहीतर खर्च करून पुन्हा टायरलाच शिव्या घातल्या असत्या.

आता निवड. माझ्यापुढं तीन वाटा होत्या. रस्त्याचे एचटी (हायवे टेरेन) टायर सगळ्यात गुळगुळीत आणि शांत, पण आमच्या बांधाच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला पावसाळ्यात लाल चिखल असतो, तिथं ते भरून सपाट होतात. दुसरी वाट २६५/७० ची, बिगर-एलटी. दिसायला भरदार, उचललेल्या गाडीच्या कमानीत रिकामं दिसत नाही. पण व्यास ७७७, म्हणजे पावणेचार टक्के मोठा. तिसरी, कंपनीच्याच मापाचा २४५/७० आर १६, बिगर-एलटी ऑल टेरेन, नक्षीचे ठोकळे जवळजवळ असलेला.

धाकटा भाऊ दुसऱ्या वाटेच्या बाजूचा होता. "एवढी उचललेली गाडी आणि खाली बारके टायर? बरं दिसत नाही ते दादा." दिसण्याचं त्याचं चुकत नव्हतं. पण मी मूळ माप घेतलं, आणि त्यामागं आरामाइतकंच कायद्याचंही कारण होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही ज्यानं गाडी नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. गाडी आधीच उचललेली मिळाली हा एक घोर डोक्याला आहेच. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरनं बोट ठेवलं तर त्यात टायरची भर नको होती.

नक्षीबद्दलही एक सांगतो. मड टायरचे ठोकळे मोठे आणि लांब लांब असतात. चिखल बाहेर फेकायला ती मोकळी जागा लागते. डांबरावर मात्र एकेक ठोकळा आपटत जातो. शिरोलीच्या पुढं हायवेला ८० च्या वर गेलं की गाडीत जो घूं आवाज यायचा तो त्याचाच. ठोकळे जवळ आले की आवाज पडतो आणि थरथरही.

खरेदी दसऱ्यानंतर केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, थांबल्याचा फायदा झाला. दुकानात मी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, साइडवॉलवर मापापुढं 'एलटी' नाही ना. दुसरी, मापामागचा लोड इंडेक्स: १०७ म्हणजे एका टायरला ९७५ किलो, १११ म्हणजे १०९०. मला ओझं वाहायचं असतं म्हणून १११ च मागितला. मऊपणाच्या नादात लोड इंडेक्स खाली आणू नका, पिकअपला तर अजिबात नाही. तिसरी, बनल्याचा आठवडा. आधी दाखवलेल्या चारपैकी दोन टायर दीड वर्षापूर्वीचे निघाले. मी नको म्हटलं. दुकानदार जरा नाराज झाला, पण तीन दिवसांत एकाच महिन्यातले चारही आणून दिले. चारांचे पन्नास हजारांच्या आसपास गेले.

बसवताना मी तिथंच उभा राहिलो. रिमच्या कडेला वाळलेला चिखल आणि जुनी शिशाची वजनं चिकटलेली होती, ती आधी खरवडून घ्यायला लावली, नाहीतर बॅलन्सिंग खोटं येतं. व्हॉल्व्ह चारही नवीन. नट बंदुकीनं नुसते हलके बसवून शेवटचा ताव टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या), समोरासमोरचे. मशीनवरचे मिस्त्री पन्नाशीचे, पंजाच्या पाठीवर ग्रीस वाळलेलं. अलाइनमेंटचा आलेख बघून म्हणाले, "गाडी उचलल्यावर कुणी अलाइनमेंट केलीच न्हाई वाटतं. नुसता टायर बघून भागत न्हाई ओ, आतनं खाऊन टाकंल." जुन्या पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायला लावला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं फिरवला की करवतीसारखं लागत होतं. स्पेसरनं चाकाचा कोन बदललेला होता आणि तो तसाच घेऊन गाडी वर्षभर तरी पळाली असणार. त्यांनी जेवढा सावरता येतो तेवढा सावरला.

हवेचं मात्र घरी येऊन ठरवलं. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा आता लागू होता, कारण टायर त्याच मापाचे आणि त्याच जातीचे. सकाळी टायर थंड असताना तेवढी हवा भरली, भाचीच्या दप्तरातला खडू घेतला आणि चारही टायरच्या नक्षीवर आडव्या जाड रेघा ओढल्या. गल्लीतून सरळ पन्नास पावलं गाडी नेली आणि उतरून बघितलं. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांनाच गेली तर कमी. पुढची रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली होती. मागची मधोमध गेली होती, कडांना पांढरी राहिली होती, कारण हौद रिकामा. मागं दोन पीएसआय कमी केल्यावर तीही सारखी झाली. हे फक्त रिकाम्या गाडीपुरतं. पेंड भरली की मागची हवा स्टिकरवरच्या भरल्या गाडीच्या आकड्याला न्यायची, त्यात कसूर नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घेतले. दोन अर्धा-अर्धा आटा फिरलेच.

आई लगेच बसायला तयार नव्हती. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "चल, कळ्यापर्यंत बघू." पाठीमागं उशी घेतली होती. बालिंग्याच्या पुलावर मी तिच्याकडं बघत होतो. तिचा हात मांडीवरच होता. कळ्याला गाडी हळू केली तर म्हणाली, "थांबवालाईस कशाला? चल की." पुढं एका गतिरोधकावर मागून दणका बसला तेव्हा तिनं उशी सरळ केली आणि मी वेग उतरवला. तो पाट्याचा दणका अजून आहे. बारीक थरथर गेली, आवाज गेला, दणका थोडा बोथट झाला, एवढं टायरनं दिलं. उद्यमनगरात पाटेवाल्याला दाखवलंय; शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे, रबरी बुश सुकलेत ते आधी बदलू आणि मग जादा पाटा काढायचा का ते बघू, असं त्याचं म्हणणं आहे. पाटा काढला की मागची बाजू बसेल आणि नाक वर येईल, म्हणजे पुढचे स्पेसरही काढावे लागतील आणि अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल. मला ते चालेल. भावाशी बोलायचं राहिलंय.

स्टेपनीचं काय, हा प्रश्न उरला होता. माप आता चारांशी जुळतं. आधी जुळत नव्हतं ते धोक्याचंच होतं. मागच्या एका चाकाला साडेसातशे मिलिमीटर व्यासाचा आणि दुसऱ्याला आठशेचा टायर घेऊन घाट चढला असता तर डिफरन्शियलनं, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरनं, सगळी झळ सोसली असती. पण रबर आठ वर्षांचं. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा झाली की न वापरलेला असला तरी काढा म्हणतात. साइडवॉलवर नख दाबून बघितलं, व्हॉल्व्हपाशी केसाएवढ्या भेगा दिसल्या. त्याच दुकानातून त्याच जातीचा पाचवा टायर महिन्याभरात घेतला आणि जुना शेतावर नेऊन ठेवला. आता दर दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवून लावायचे, पहिली पाळी मार्चमध्ये येईल.