पन्ह्याचा पहिला घोट

सोमवार

उजव्या जबड्याखाली आज परत तेच. सकाळच्या चहा-बटरला काही झालं नाही. दुपारी दुकानात डबा उघडला, भातावर लिंबू पिळलं, आणि घास तोंडात जायच्या आधीच हाडाला आतल्या बाजूनं असा ताण बसला की डोळ्यांत पाणी आलं. हात लावला तर जबड्याखाली टणक गाठ. अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. पाऊणएक तासानं ओसरलं, गाठ मऊ पडली, आणि मालक जेवून येईपर्यंत गायबसुद्धा झाली. ‘बघू’ म्हणत त्यांनी मान वर करायला लावली. दाखवायला काहीच नाही. असल्या दुखण्यात माणूसच खोटा पडतो.

घरात निदानं तयार आहेत. आईचं म्हणणं अक्कलदाढ, लवंग धर. छपन्नाव्या वर्षी अक्कल यायची म्हणजे फारच लांबली म्हणायची. साडूंचं म्हणणं हार्ट. त्यांच्या मोबाईलवर तसं आलंय. हिचं मत अजून ठरलेलं नाही, पण लोणच्याची बरणी मात्र माझा हात पोचणार नाही अशी वरच्या फळीवर गेली आहे.

साडूंचं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. हृदयाचं दुखणं जबड्यात उमटतं हे खरंच. पण ते बहुधा जिना चढताना, ओझं उचलताना येतं आणि थांबलं की कमी होतं. माझं बसल्या जागी लिंबू दिसलं की येतं. तरी कार्डिओग्राम काढून घेतला. व्यवस्थित निघाला. साडूंचा जरा हिरमोड झाला.

बुधवार

मार्केट यार्डात आज बेदाण्याला बरी आवक. सौद्यात व्यापारी काय करतात, तर मूठभर माल उचलायचा, बोटांत दाबून बघायचा, उजेडाला धरायचा आणि एखादा तोंडात टाकायचा. मी दिवाणजी, माझं काम लॉट आणि दर लिहायचं. पण इतकी वर्षं अडतीत काढल्यावर एक दाणा तोंडात टाकल्याशिवाय हाताला लिहायचं सुचत नाही. हिरवा बेदाणा होता, गोड, शेवटी किंचित आंबूस. त्या शेवटच्या आंबूसपणानं घात केला. दर पुकारला जात होता आणि मी जबडा धरून उभा.

‘दिवाणजी, गालात बार धरलाय व्हय?’ एका हमालानं विचारलं.

‘तंबाखू कधी खाल्ली का मी?’

‘न्हाई, मग हितं खाली टम्म काय झालंय?’

म्हणजे बाहेरूनही दिसतंय. एक साक्षीदार तरी मिळाला.

गुरुवार

गावभागातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एकेक दाढ ठोकून बघितली, गार हवा मारली, एक्स-रे काढला. दाढांना काही नाही म्हणाले. मग खुर्ची सरळ करून प्रश्न विचारायला लागले, आणि ते प्रश्न मला आवडले. वाऱ्याची झुळूक लागली, दाढी करताना ब्लेड फिरलं, तर क्षणभर करंट बसल्यासारखं होतं का? नाही. तसं असतं तर चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असतं. त्या दुखण्यात लोक चांगल्या दाढा काढून घेतात आणि दुखणं तसंच राहतं. जांभई देताना कानापाशी कट्ट वाजतं का, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का? नाही. म्हणजे सांधा नव्हे. मग, ‘कोरडी भाकरी चावलीत तर?’

विचार करावा लागला. भाकरीनं थोडं होतं. चिंचेच्या आमटीनं पुष्कळ होतं. ताकानं होतं, साध्या पाण्यानं होत नाही.

‘म्हणजे चावल्यानं दुखत नाही तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘तोंडाला पाणी सुटलं की दुखतंय. मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.’ फक्त एक्स-रेचे पैसे घेतले.

शनिवार

घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. दुपारपासून ही आणि शेजारच्या काकू स्वयंपाकघरात. एकीकडे कैऱ्या उकडायला लावलेल्या, दुसरीकडे डाळीसाठी कैरी किसणं चाललेलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. एक घास नाही, एक घोट नाही. किसणीवर कैरी चर्र चर्र चालली, तो हिरवा आंबट वास दाराशी आला आणि जबड्याखाली गाठ चढायला लागली. बोट लावून बसलो होतो म्हणून कळलं. आधी नुसतं भरल्यासारखं, मग कातडी ताणली, मग ठणका कानापर्यंत.

शाळेत पावलॉव्हच्या कुत्र्यांबद्दल शिकवलं होतं. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. लाळ किती सुटते ते मोजता यावं म्हणून लाळेची नळी गालातून बाहेर काढायचे, असंही मास्तरांनी सांगितलं होतं. तेव्हा वर्गात हसलो होतो. आज त्या कुत्र्यांची दया आली.

संध्याकाळी बायका आल्यावर पुरुषांनी आत बसायचं, तसा बसलो. हिनं पेलाभर पन्हं आणून ठेवलं, वर केशर घातलेलं. ‘पहिला घोट घेतलात की जाईल, अहो, वर्षाचं पन्हं आहे.’ घेतला. पहिल्याच घोटाला सगळ्यात जास्त दुखतं. पुढचे सोसतात म्हणावं तर तेही खरं नाही, पण पन्हं संपवलं. गौरीचं होतं.

मंगळवार

मिरज. सांगलीच्या माणसाला मोठं दुखणं झालं की सिटी बस धरून मिरजेला जायचं, हे आजोबांच्या काळापासून. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं येतात. आजही बाकावर माझ्या एका बाजूला कानडी बोलणारं कुटुंब होतं आणि दुसऱ्या बाजूला जतकडचे एक म्हातारबाबा.

डॉक्टरांनी हातमोजा घालून एक बोट जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं बाहेरून जबड्याखाली दाबलं आणि दोन्ही बोटं मागून पुढं सरकवत आणली. मागं जिभेच्या मुळापाशी काही नाही, पुढंच कुठंतरी थांबले. ‘लागतोय,’ म्हणाले. माझंच बोट धरून तिथं टेकवलं. जिभेच्या दोरीच्या उजवीकडे, मऊ मांसाच्या आत, सरळ सरळ खडा. इतके दिवस तोंडात घेऊन फिरतोय आणि जिभेला पत्ता नाही. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा आला.

समजलं ते लिहून ठेवतो, नाहीतर घरी सांगताना गडबड होते. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या. कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ होते. खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्या ग्रंथीतच धरतात. दहातले आठ तिथले. कारण तिची लाळ घट्ट, तिच्यात कॅल्शियम जास्त, आणि नळी जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब, तीही खालून वर चढणारी. थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १६५६ साली तिचं वर्णन केलं म्हणून ती व्हार्टनची नळी. कॅल्शियम फॉस्फेटचे थर बसत बसत खडा होतो. एरवी लाळ त्याच्या कडेनं झिरपते. आंबट दिसलं की ग्रंथी एकदम जोरात लाळ सोडते, वाट बंद, मग ग्रंथीच फुगते आणि दुखते. तासाभरात हळूहळू निचरा होतो, की पुरावा गायब.

मला लगेच धाकट्या भावाची द्राक्षबाग आठवली. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसतात आणि तो वर्षातून एकदा ॲसिड सोडून त्या साफ करतो. डॉक्टरांना म्हटलं, मग लिंबानं खडा विरघळेल का? हसले. विरघळत नाही म्हणाले. लिंबाचा उपयोग वेगळा. लाळ जोरात सुटते आणि मागून रेटा बसतो. बारीक खडा कधी कधी त्या रेट्यानं बाहेर येतो.

कॅल्शियम कमी खाऊ का, हेही विचारलं. दूध-दह्याचा याच्याशी संबंध नाही. पाणी कमी पडणं, सिगारेट, आणि तोंड कोरडं पाडणारी औषधं यांचा असतो. माझ्या बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक आहे. ती मनानं बंद करायची नाही, बीपीच्या डॉक्टरांशी बोलायचं. पाण्याचं विचारलं तेव्हा मी यार्डातला एप्रिल सांगितला. पत्र्याखाली घाम जातो तेवढं पाणी तिथं कुणीच पीत नाही.

ताप आला, जिभेखाली पू दिसला किंवा सूज ओसरेना, तर वाट न बघता यायचं. तोवर शेक, मागून पुढं मालिश, भरपूर पाणी, आणि लिंबू.

बुधवार

लोणच्याची बरणी खाली आली. आई म्हणते, ज्यानं दुखतं तेच खायला सांगणारा हा कसला डॉक्टर. मलाही जेवायच्या आधी लिंबाची फोड चोखताना तसंच वाटतं. फोड तोंडात, अंगठा जबड्याखाली, दाबत दाबत हनुवटीकडे. एकदा खारट काहीतरी जिभेखाली सुटलं आणि गाठ पटकन बसली. खडा मात्र जागचा हलला नाही.

सोमवार

परत मिरज. सहा मिलिमीटरचा खडा आपण होऊन यायची आशा थोडी, पण नळीच्या तोंडाजवळ आहे, त्यामुळे तोंडातूनच काढू म्हणाले. खडा मागं ग्रंथीत असता तर दुर्बिणीचं काम किंवा ग्रंथीच काढायची वेळ. आपलं नशीब पुढं.

जिभेखाली भुलीचं इंजेक्शन, तेवढंच काय ते लागलं. खडा मागं सरकू नये म्हणून आधी त्याच्या मागून नळीभोवती टाका घेऊन वर उचलून धरलं, मग वर बारीक चीर. जिभेची नस तिथूनच जाते, म्हणून सगळं सावकाश. चिमट्याला टक्क लागल्याचा आवाज मला माझ्या हाडातून ऐकू आला. आणि मग तोंडभर लाळ. किती दिवसांची साठलेली कोण जाणे. चीर शिवली नाही. लाळ आता तिथूनच वाट काढते म्हणाले.

खडा पिवळट, खडबडीत, एका टोकाला निमुळता. छोट्या बाटलीत घालून दिला.

गुरुवार

जीभ अजून जड आहे, पण गाठ चढत नाही. काल आमटी खाल्ली, आज ताक. बाटली यार्डात नेली होती. हमालानं हलवून बघितली आणि म्हणाला, ‘याची तोलाई कोण देणार?’ आईनं बघितला आणि तिच्या मते तो दाढेचाच तुकडा आहे. तिच्याशी वाद घालत नाही. साडूंना फोटो पाठवलाय, उत्तर नाही.

परत होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. महिन्याभरानं दाखवायला जायचं. उद्या संध्याकाळी बीपीच्या डॉक्टरांकडे, ती गोळी बदलता येते का ते विचारायला. दुकानात पाण्याची बाटली गल्ल्याशेजारी ठेवली होती, ती दुपारपर्यंत हमालांनी संपवली. उद्यापासून दोन ठेवाव्या लागतील.