तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकलेलं परत का म्हणून दाखवता?

सोसायटीत कुणी मला काही सांगितलं की मी ते परत म्हणतो. 'काका, प्लंबर उद्या अकराला येतोय.' 'उद्या, अकरा, प्लंबर.' मुलं नक्कल करतात. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, काका, ही काय सवय? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ही सवय अग्निशमन दलातली, वायरलेसची.

वॉकीटॉकी म्हणजे बिनतारी फोन, असं लोकांना वाटतं. तसं नाही. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, भांडूसुद्धा शकतात. आगीच्या जागी सगळे एका चॅनेलवर असतात आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बटण दाबलं की तुम्ही बोलू शकता, पण तेवढा वेळ तुमचा सेट बहिरा. दुसऱ्यानेही त्याच क्षणी बटण दाबलं तर ऐकणाऱ्यांच्या कानात नुसती किरकिर, नाहीतर ज्याचा सिग्नल जोरात त्याचाच आवाज. आणि गंमत अशी, की बोलणाऱ्या दोघांनाही याचा पत्ता नसतो. आपण सांगितलं, काम झालं, असं समजून दोघंही मोकळे.

म्हणून पलीकडच्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. नुसतं 'रॉजर' पुरत नाही. रॉजर म्हणजे 'मिळालं', एवढंच. काय मिळालं, ते त्यातून कळत नाही. (सिनेमातलं 'ओव्हर अँड आउट' तर विसराच. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं म्हणणार?)

शिवाय आतला माणूस बोलतो तो मास्कमधून. पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र. 6 लिटरचा सिलिंडर, 300 बार दाबाला भरलेला. हिशेबाने 1,800 लिटर हवा, मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. जिना चढणारा, होज (पाण्याचा पाइप) ओढणारा माणूस ती त्याआधीच संपवतो. मास्कमधून 'प' आणि 'ब' सारखेच ऐकू येतात. बाहेर बंबाचा पंप गरजत असतो. अशा वेळी आपले मराठी आकडे फार दगा देतात. त्रेसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट: खरखरीत फक्त 'सष्ट' पोचतं. म्हणून खोली नंबर 'सहा-तीन' असा फोडून सांगायचा. नव्या पोरांना हे बाळबोध वाटतं. मलाही वाटायचं.

गर्दी हा आणखी एक ताप. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण टॉवर 9.59 ला कोसळला आणि उत्तर टॉवर 10.28 ला. मध्ये 29 मिनिटं होती. दक्षिण टॉवर पडल्यावर लगेच उत्तर टॉवरमधल्या जवानांना 'बाहेर पडा' असा हुकूम रेडिओवरून गेला होता. पण उंच इमारतीत सिग्नल धड पोचत नव्हता, एका चॅनेलवर नको तेवढी माणसं बोलत होती, आणि सुट्टीवरून धावत आलेल्या काहींकडे सेटच नव्हते. अनेकांना तो हुकूम मिळालाच नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जण गेले. प्रशिक्षणात हे शिकवताना वर्ग गप्प होतो, आणि पुढच्याच ड्रिलला पुन्हा तिघं एकदम बटण दाबतात.

आता माझी गोष्ट. कुठलं दल ते सांगत नाही, कारण चूक माझीच होती. रात्रीची वर्दी (आगीची खबर), फोमच्या गाद्यांचं गोडाऊन, आत लाकडी पोटमाळा. आमचे तांडेल, म्हणजे जवानांचे म्होरके, दोन जवान घेऊन खालून पाणी मारत होते. बाहेरून मला पोटमाळ्याची तुळई काळी पडून वाकलेली दिसली. मी बटण दाबलं आणि म्हणालो, 'पोटमाळ्यावर जाऊ नका.' घाईत शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत अंगठा उचलला.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. शेपूट कापलं की हुकूम उलटा. आत पोचलं ते एवढंच: 'पोटमाळ्यावर जाऊ.'

तांडेल 'रॉजर' म्हणून शिडी लावायला मोकळे होते. पण त्यांनी पद्धत पाळली. सेटवर आवाज आला, 'पोटमाळ्यावर जायचंय, बरोबर? ओव्हर.' माझ्या पोटात गोळा आला. या वेळी बटण दाबून एक श्वास थांबलो आणि म्हणालो, 'नाही, नाही. खालीच थांबा. खालीच थांबा. ओव्हर.' 'खालीच थांबतोय,' ते म्हणाले. थोड्या वेळाने मी तिघांनाही दारापर्यंत मागे घेतलं आणि तिथूनच पाणी मारायला लावलं. पोटमाळा त्यानंतर पडला.

तेव्हापासून वायरलेसवर मी 'जाऊ नका' म्हटलं नाही. 'बाहेर थांबा', 'मागे या', असंच. हे पुस्तकात नव्हतं. पण माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हे शिकवलं.

पहाटे स्टॉप मेसेज दिला. (स्टॉप म्हणजे आग विझली असं नाही, जादा मदत नको, एवढंच.) मग टपरीवर चहा घेताना मी तांडेलना सगळं सांगून टाकलं, अंगठ्यासकट. ते बशीत फुंकर मारत ऐकत होते.

'तरीच,' ते म्हणाले. 'मला वाटलं, साहेब स्वतःच वर निघालेत आणि मला विचारतायत, जाऊ का म्हणून.'