शून्य कुठलं?

मुंबईतल्या मराठी घरात ताप फॅरनहाइटमध्ये येतो आणि उन्हाळा सेल्सिअसमध्ये. घरात कुणाला एकशे दोन ताप म्हटलं की धावपळ सुरू होते. सांताक्रूझला पारा ३८ वर गेल्याची बातमी मात्र चहा पिता पिता वाचली जाते. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी तापमानाच्या धड्याची सुरुवात याच दोन आकड्यांनी केली होती. १०२ मधून ३२ वजा, उरले ७०, त्याला पाचने गुणून नऊने भागलं की साधारण ३८.९. म्हणजे तापाने फणफणलेलं पोर आणि सांताक्रूझची ती दुपार यांच्यात जेमतेम अंशभराचा फरक! वर्ग एकदम जागा झाला.

सूत्र पाठ करून घेणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. सरांनी सूत्र आलं कुठून ते दाखवलं. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंतचं अंतर सेल्सिअसने १०० भागांत वाटलं, फॅरनहाइटने १८० भागांत, ३२ पासून २१२ पर्यंत. म्हणून नऊ-पंचमांश. आणि दोघांची सुरुवात वेगळी, म्हणून ३२. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा फास आपोआप टळतो. 'तापमान सरासरीपेक्षा ३ अंशांनी जास्त' ही बातमी फॅरनहाइटमध्ये सांगायची तर उत्तर ५.४ अंश. तिथे ३२ मिळवायचे नाहीत, कारण आपण फरक मोजतोय, शून्यापासूनची उंची नाही. दोन्ही मापांत एकच आकडा कधी येईल, हे गणित सरांनी घरी सोडवायला दिलं होतं. उत्तर उणे ४०. ते बीजगणिताने स्वतः काढल्याचा आनंद मला अजून आठवतो.

फॅरनहाइटचं शून्य तरी कुठलं? हे सांगायला सरांनी लालबागच्या बर्फवाल्याकडून बर्फ आणला आणि वाण्याकडून नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. हाच नवसागर कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकायचा आणि चाळभर पांढरा धूर व्हायचा, त्यामुळे तो ओळखीचा होता. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, थोडं पाणी, वर मूठभर नवसागर. सरांनी ढवळलं आणि तापमापी आत धरली. पारा सेल्सिअसच्या शून्यावर येऊन क्षणभर रेंगाळला, मग खाली निघाला. काचेवरच्या खुणा उणे १० पर्यंतच होत्या. तो त्यांच्याही खाली गेला. पात्राच्या बाहेरून पांढरं हिव धरलं होतं, बोट लावलं की चिकटायचं. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपल्या मापाचं शून्य अशाच मिश्रणावर ठेवलं होतं. अठरा वर्षांनी सेल्सिअसने तर उकळत्या पाण्याला शून्य दिलं आणि गोठत्या पाण्याला १००. ते उलटवून आजच्यासारखं झालं त्याच्या मृत्यूनंतर. शून्य माणसाने सोयीने ठेवलेलं असतं, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

मग पुढच्या वर्षी वायूंचे नियम आले. २७ अंश सेल्सिअसला ३०० मिलिलिटर वायू आहे, दाब तोच ठेवून ५४ अंशांपर्यंत तापवला, तर आकारमान किती? बहुतेक वह्यांत ६०० आलं. तापमान दुप्पट, आकारमान दुप्पट. सर रागावले नाहीत. "मग शून्य अंशाला हाच वायू किती जागा व्यापेल?" एवढंच विचारलं. काहीच नाही? आणि उणे २७ ला? वर्ग गप्प. तेव्हा त्यांनी केल्व्हिन आणलं. या मापाची कल्पना १८४८ मधली, आणि त्याचं शून्य सोयीचं नाही, निसर्गाचं आहे: उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, ज्याच्या खाली काही नाही. २७ म्हणजे ३०० केल्व्हिन, ५४ म्हणजे ३२७, आणि उत्तर ३२७ मिलिलिटर. जेमतेम नऊ टक्के वाढ. इतकं नेमकं बेतलेलं गणित मी नंतर क्वचितच पाहिलं. दुप्पट, निम्मं, तिप्पट हे शब्द फक्त खऱ्या शून्यापासून मोजलं तरच चालतात.

एककांबाबत सर कडक होते. पाऱ्याची घनता घनसेंटिमीटरला १३.६ ग्रॅम, ती घनमीटरला किती किलो? आधी आकडे न लिहिता नुसती एककं मांडायची, वरचा ग्रॅम खालच्या ग्रॅमशी, घनसेंटिमीटर घनसेंटिमीटरशी लाल खडूने कापायचा. उरलं ते किलो दर घनमीटर असेल तरच आकडे भरायचे. १३,६०० हे उत्तर मग हजाराने भागायचं की दहा लाखांनी गुणायचं या गोंधळाशिवाय येतं. एकक नसलेल्या उत्तराला ते अर्धाही गुण देत नसत, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

आज मी औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. परदेशातून आलेल्या कृतीत 'तापमान १८ अंश फॅरनहाइटने वाढवा' असं असलं की नवीन मुलं सवयीने आधी ३२ वजा करायला जातात. मी त्यांना कागदावर बर्फ आणि उकळतं पाणी काढून दाखवतो, शंभर घरं आणि एकशेऐंशी घरं. वाढ १० अंश सेल्सिअसचीच आहे हे मग त्यांचं त्यांनाच दिसतं.

हल्लीच्या तापमापीवर बटण असतं. दाबलं की सेल्सिअसचं फॅरनहाइट होतं. सोय उत्तम आहे, पण ते बटण आत काय करतं हे आमच्या शाळेतल्या मुलांना हाताने करता यायला हवं. म्हणून प्रयोगशाळेतल्या बाईंना माझी विनंती आहे की शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात नववीच्या प्रत्येक तुकडीला तो बर्फाचा प्रयोग दाखवावा. बर्फ, नवसागर आणि उणे ५० पर्यंत खुणा असलेली अल्कोहोलची तापमापी मी आणून देईन.